दंतप्रतिकृतींचे अंकीय स्कॅनिंग व त्याची अचूकता

दातांच्या व हिरड्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीचा पृष्ठभाग प्रकाशाने, क्ष-किरणांनी किंवा स्पर्शाने मोजून संगणकात तिची त्रिमितीय नोंद करण्याच्या क्रियेला दंतप्रतिकृतीचे अंकीय स्कॅनिंग म्हणतात. ही नोंद मूळ प्रतिकृतीशी किती जुळते, हा तिच्या अचूकतेचा प्रश्न होय. व्यवहारात दंतवैद्य प्रतिकृतीला ‘मॉडेल’ किंवा ‘कास्ट’ म्हणतात, तर रुग्ण सरसकट ‘दातांचा साचा’ म्हणतो. काटेकोरपणे पाहिले तर तोंडातून निघतो तो ठसा, म्हणजेच साचा. आणि त्यात प्लास्टर ओतून मिळते ती प्रतिकृती. या नोंदीत हा भेद पाळला आहे, कारण बहुतेक चुका या दोहोंच्या मधल्या टप्प्यातच शिरतात.

दातावरची टोपी, पूल (ब्रिज), रोपणावरची (इम्प्लांटवरची) जोडणी, कवळीची चौकट आणि दात सरळ करणाऱ्या पारदर्शक साच्यांची मालिका ही सर्व कामे आज अशा नोंदीवरून करता येतात. त्यांचे तपशील येथे दिलेले नाहीत.

संज्ञा : मराठीत ‘अचूकता’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गुणांसाठी वापरला जातो आणि त्यामुळे बराच गोंधळ होतो. मोजमापांच्या अचूकतेविषयीचे आयएसओ ५७२५ हे आंतरराष्ट्रीय मानक (१९९४) अचूकतेचे दोन घटक मानते. अनेक मोजमापांची सरासरी खऱ्या किंवा संदर्भ म्हणून स्वीकारलेल्या मूल्याच्या किती जवळ आहे, हा पहिला घटक. त्याला येथे ‘यथार्थता’ म्हटले आहे. तीच वस्तू पुन्हा पुन्हा मोजली असता उत्तरे एकमेकांच्या किती जवळ पडतात, हा दुसरा. त्याला ‘परिशुद्धता’ म्हटले आहे. पासंग असलेला तराजू दर वेळी तेच वजन दाखवतो. त्याची परिशुद्धता उत्तम असते, यथार्थता मात्र वाईट. उलट, काटा सैल झालेला तराजू दर वेळी वेगळे वजन दाखवील, पण दहा वेळा तोलून सरासरी काढली तर ती बरोबर येऊ शकेल. दंतप्रतिकृतींच्या स्कॅनिंगवरील बहुतेक शोधनिबंध आज या दोन घटकांचे आकडे वेगवेगळे देतात. जुन्या निबंधांत एकच आकडा असतो आणि तो कोणत्या घटकाचा हे पद्धतीच्या वर्णनावरूनच ताडावे लागते.

प्रयोगशाळेतील, म्हणजे मेजावर ठेवायच्या, स्कॅनरांसाठी आयएसओ १२८३६ हे स्वतंत्र मानक २०१२ मध्ये आले व २०१५ मध्ये सुधारले गेले. तोंडात फिरवायच्या स्कॅनरांसाठीच्या आयएसओ २०८९६ या मानकाचा पहिला भाग २०१९ मधला आहे. उत्पादक आपल्या माहितीपत्रकात ‘इतके मायक्रॉन’ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असा जो आकडा छापतात, तो सहसा यांपैकी पहिल्या मानकाच्या चाचणीतला असतो. अशी चाचणी ज्ञात मापांच्या, भूमितीय आकाराच्या प्रमाणित वस्तूंवर होते. खऱ्या दाढेच्या खाचाखोचांवर होत नाही. म्हणून छापील आकड्याला यंत्राच्या क्षमतेची वरची मर्यादा समजावे, कामाच्या अचूकतेची हमी समजू नये.

यथार्थतेच्या मोजणीत आणखी एक अडचण आहे. ‘खरे मूल्य’ शेवटी दुसऱ्या कोणत्या तरी यंत्रानेच मोजावे लागते. हे संदर्भयंत्र तपासल्या जाणाऱ्या यंत्रापेक्षा पुष्कळ सरस असले पाहिजे. स्पर्शाने निर्देशांक घेणारे औद्योगिक मोजयंत्र किंवा सूक्ष्मदर्शकावर आधारित संदर्भ-स्कॅनर यासाठी वापरतात. पुष्कळ अभ्यासांत मात्र प्रयोगशाळेतला एक मेजावरचा स्कॅनर ‘खरा’ धरून दुसरा त्याच्याशी ताडलेला दिसतो. अशा अभ्यासातून दोन यंत्रे एकमेकांशी किती सहमत आहेत एवढेच कळते. त्याला यथार्थता म्हणणे प्रस्तुत नोंदीच्या मते योग्य नाही.

उगम : दातांची प्रकाशीय नोंद प्रथम कोणी केली, याविषयी एकमत नाही. बहुतेक ग्रंथ फ्रान्सचे फ्रांस्वा ड्युरे यांना हा मान देतात. त्यांनी १९७३ मध्ये ल्यों येथे ‘प्रकाशीय ठसा’ या विषयावर प्रबंध सादर केला. त्या प्रबंधात प्रकाशाने दात मोजून यंत्राने टोपी कोरण्याची सगळी साखळी मांडलेली होती. मात्र चालते यंत्र नव्हते. अमेरिकेत ब्रूस अल्टशूलर व जॉन यंग हे सत्तरच्या दशकात लेसर होलोग्राफीचा दंतवैद्यकातील उपयोग तपासत होते. तिसरा दावा झुरिकचा. तेथील दंतवैद्य व्हेर्नर म्योरमान आणि अभियंते मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या सेरेक यंत्राने सप्टेंबर १९८५ मध्ये रुग्णाच्या खुर्चीशेजारीच पोर्सेलीनचे भरण कोरून बसवले. कल्पनेचा अग्रक्रम ड्युरे यांचा आणि रुग्णावरील नियमित वापराचा अग्रक्रम झुरिकचा, अशी विभागणी अधिक सयुक्तिक वाटते.

मात्र हा वाद तोंडातील स्कॅनिंगचा आहे. प्रतिकृतीच्या स्कॅनिंगचा वंश थोडा निराळा असून तो स्पर्शपद्धतीकडे जातो. स्वीडनचे मॅट्स अँडरसन यांनी ऐंशीच्या दशकात विकसित केलेल्या प्रोसेरा पद्धतीत प्लास्टरच्या घडवलेल्या (म्हणजे टोपीसाठी तासून तयार केलेल्या) दाताभोवती नीलमण्याची लहान गोळी फिरवून त्याचा आकार टिपला जाई आणि ही माहिती दूरच्या कारखान्याकडे पाठवली जाई. ‘एका ठिकाणी स्कॅन, दुसऱ्या ठिकाणी घडण’ ही आज सर्वत्र रूढ असलेली विभागणी तेथून आली असावी. दात सरळ करण्याच्या शाखेत, म्हणजे दंतरचनाशास्त्रात, प्रतिकृतींची अंकीय नोंद करण्याची व्यापारी सेवा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली.

पद्धती : स्पर्शपद्धतीची मर्यादा गोळीच्या आकारात आहे. गोळीच्या व्यासापेक्षा अरुंद खाच तिला कळतच नाही, आणि टोकदार कड गोळीच्या मध्यबिंदूच्या मार्गावरून परत उभी करावी लागते. गुळगुळीत, निमुळत्या दातावर ती उत्तम चालते. चघळणीच्या पृष्ठभागावर नाही. मऊ वस्तूवर स्पर्शाचा दाब पडतो, म्हणून ठशाऐवजी प्लास्टरच लागते.

आज प्रयोगशाळांत त्रिकोणमापनावर आधारित प्रकाशीय स्कॅनर सर्वाधिक आहेत. प्रकाश एका कोनातून टाकला जातो व कॅमेरा दुसऱ्या कोनातून पाहतो. दोहोंतील कोन व अंतर माहीत असल्याने प्रत्येक बिंदूची खोली काढता येते. आधी लेसरची एक रेघ फिरवीत. आता पट्ट्यांचा नमुना, बहुधा निळ्या प्रकाशाचा, एकदम टाकतात. या पद्धतीचा दोष तिच्या भूमितीतच आहे. जेथे प्रकाश पोचतो पण कॅमेरा पाहू शकत नाही (किंवा उलट), तो भाग सावलीत राहतो. दोन दातांमधली फट, खालच्या पटाशीच्या दातांची गर्दी आणि घडवलेल्या दाताच्या कडेखालचा भाग या अशा जागा आहेत. प्रतिकृती तबकडीवर फिरवून, तिरकी करून ही छिद्रे भरतात. जी उरतात ती संगणकप्रणाली आपल्या अंदाजाने बुजवते आणि पडद्यावर तो पृष्ठभाग मोजलेल्या पृष्ठभागाइतकाच खरा दिसतो.

काही तोंडातले स्कॅनर समनाभी पद्धतीवर चालतात. त्यांत नेमक्या नाभीतून (फोकसमधून) परतलेलाच प्रकाश स्वीकारला जातो, त्यामुळे प्रकाशस्रोत व कॅमेरा यांच्यात कोन लागत नाही. तेच स्कॅनर प्लास्टरच्या प्रतिकृतीवरही फिरवता येतात. मात्र त्यांचे दृश्यक्षेत्र लहान असते. एका वेळी फार तर दोन-तीन दात दिसतात आणि शेकडो तुकडे एकमेकांना जोडत दातांची सगळी कमान उभी करावी लागते. प्रत्येक जोडात अल्पशी चूक राहते व ती पुढच्या जोडात वाहत जाते. म्हणून कमानीच्या एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकाच्या दाढेपर्यंत पोचेतो ती साठते. स्कॅनर कोणत्या क्रमाने फिरवला यावरही परिणाम अवलंबून राहतो. एक दात किंवा तोंडाचा चतुर्थांश भाग यांसाठी ही अडचण नगण्य मानतात.

कोन-बीम सीटीने (शंकूच्या आकाराच्या क्ष-किरण झोताने त्रिमितीय चित्र घेणाऱ्या यंत्राने) प्रतिकृती किंवा थेट ठसाही टिपता येतो. क्ष-किरण आरपार जात असल्याने सावलीचा प्रश्न नाही. मात्र या यंत्रांचा मूलघटक, म्हणजे त्रिमितीय चित्रातला सर्वांत लहान घन, साधारण ७५ ते ४०० मायक्रॉनचा असतो आणि पृष्ठभाग कोठे संपला हे करड्या छटेची सीमा ठरवून काढावे लागते. अभ्यास-प्रतिकृती जपण्यास ती पुरेशी आहे. टोपीच्या कडेसाठी सहसा तिची शिफारस होत नाही.

पृष्ठभागाचा गुण येथे महत्त्वाचा ठरतो. चकाकणारा धातू प्रकाश परावर्तित करतो, तर अर्धपारदर्शक राळेत प्रकाश आत शिरतो आणि पृष्ठभाग खऱ्यापेक्षा खोल दिसतो. त्यावर उपाय म्हणून टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी फवारतात. तिचा थर मात्र मोजमापात मिळतो, आणि तो किती जाड हे फवारणाऱ्या हातावर अवलंबून असते. स्कॅनिंगसाठी मुद्दाम बनवलेले, कमी चकाकीचे प्लास्टर आता मिळते.

प्लास्टरचा वाटा : विषयावरील चर्चा यंत्रांभोवती फिरते, पण अचूकतेचा मोठा हिस्सा यंत्रासमोर ठेवलेल्या वस्तूत असतो. जिप्सम प्लास्टर घट्ट होताना प्रसरण पावते. आयएसओ ६८७३ या मानकात दंतवैद्यकीय जिप्समचे पाच प्रकार असून तिसऱ्या प्रकारासाठी प्रसरणाची कमाल मर्यादा ०.२० टक्के, तर चौथ्यासाठी, म्हणजे टोप्यांच्या कामाला लागणाऱ्या कठीण ‘डाय स्टोन’साठी, दोन तासांनंतर ०.१५ टक्के आहे. पाचव्या प्रकाराचे प्रसरण मुद्दाम जास्त, ०.१६ ते ०.३० टक्के, ठेवलेले असते.

हे टक्के किरकोळ वाटतात. पण दोन्ही बाजूंच्या दाढांमधले अंतर ५० मिमी धरले, तर ०.१५ टक्के प्रसरणाने ते ७५ मायक्रॉनने वाढते, ०.३० टक्क्यांनी १५० मायक्रॉनने. मेजावरचा स्कॅनर दहा मायक्रॉनच्या आत मोजतो असे मानले, तरी तो ही वाढलेली प्रतिकृतीच इमानाने टिपतो. रुग्णाच्या तोंडाशी ताडले असता चुकीचा बहुतांश भाग प्लास्टरचा निघतो, स्कॅनरचा नव्हे. याउलट एका दाताच्या १० मिमी रुंदीत तेच ०.१५ टक्के केवळ १५ मायक्रॉन होतात. म्हणून एका टोपीसाठी निर्दोष ठरलेली पद्धत संपूर्ण कमानीच्या पुलासाठी तशीच ठरेल असे म्हणता येत नाही.

जुन्या घडणीत या प्रसरणाचा उपयोग होता. सोन्याची मिश्रधातू ओतल्यावर थंड होताना सुमारे दीड टक्का आकसते. त्याची भरपाई मुख्यतः ओतसाच्याच्या द्रव्याच्या प्रसरणाने होई आणि प्लास्टरचे प्रसरण त्यास हातभार लावी. संगणकावर आखून कोरलेल्या टोपीत धातूचे हे आकसणे नाही, तेव्हा प्लास्टरचे प्रसरण आता निव्वळ चूक म्हणून उरते. पाचव्या प्रकारचे प्लास्टर स्कॅनिंगला वापरू नये, याचे कारण हेच.

ठशाच्या द्रव्याचाही येथे संबंध येतो. अल्जिनेटचा ठसा उघडा राहिल्यास पाणी सोडून आकसतो आणि पाण्यात ठेवल्यास फुगतो. लहान गावातल्या दवाखान्यातून शहरातल्या लॅबकडे काम पाठवण्याची रीत महाराष्ट्रात सर्रास आहे. अशा वेळी अल्जिनेटचा ठसा पाठवण्याऐवजी प्लास्टर दवाखान्यातच लगेच ओतून प्रतिकृती पाठवणे श्रेयस्कर. सिलिकोन किंवा पॉलिईथरचे ठसे बरेच अधिक टिकतात.

तापमानाचा परिणाम मात्र लहान असतो. प्रयोगांत वापरलेल्या पोलादी संदर्भ-प्रतिकृतीचे तापमान १० अंश सेल्सिअसने बदलले, तर ५० मिमी अंतरात सुमारे ६ मायक्रॉनचा फरक पडतो. स्कॅनर सुरू केल्यावर तापून स्थिर होऊ देणे आणि अंशन-पट्टीने (ज्ञात मापांच्या पट्टीने) तो वेळोवेळी जुळवून घेणे याला अधिक महत्त्व आहे.

अध्यारोपणाचा वाद : दोन त्रिमितीय नोंदी एकमेकींवर बसवून त्यांतले अंतर मोजणे, म्हणजे अध्यारोपण, ही यथार्थता काढण्याची रूढ रीत आहे. त्यासाठी वापरली जाणारी गणनपद्धती बहुधा पॉल बेझल व नील मॅके यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘निकटतम बिंदूंच्या पुनरावर्ती’ पद्धतीची कोणती तरी आवृत्ती असते. एका नोंदीतला प्रत्येक बिंदू दुसरीतल्या सर्वांत जवळच्या बिंदूशी जोडायचा, सर्व अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी नोंद सरकवायची, आणि सुधारणा थांबेपर्यंत हे पुन्हा करायचे.

या पद्धतीचा हेतूच अंतर कमी करणे हा आहे, म्हणून ती चूक लपवते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो साधार आहे. समजा, एका नोंदीत कमान मूळ प्रतिकृतीपेक्षा १०० मायक्रॉनने रुंद झाली आहे. अध्यारोपणात ही रुंदी दोन्ही बाजूंस अर्धी-अर्धी वाटली जाते, तेव्हा कोणत्याही एका दाढेवर सुमारे ५० मायक्रॉनच दिसतात. मधल्या दातांवर त्याहून कमी. सगळ्या पृष्ठभागाची सरासरी घेतली तर आकडा आणखी खाली येतो. आणि चिन्हांसह सरासरी घेतली तर आतल्या व बाहेरच्या चुका एकमेकींना छेदून ती शून्याजवळही जाऊ शकते. म्हणून चिन्हासहित सरासरीऐवजी वर्ग-माध्य-मूळ (अंतरांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) किंवा शतमकांवर (पर्सेंटाइलवर) आधारित आकडा देण्याचा प्रघात पडला. दुसरी गोम पृष्ठभागाच्या निवडीत आहे. प्रतिकृतीचा सपाट तळ व हिरड्यांचा रुंद भाग गणनेत ठेवला तर हजारो निरुपद्रवी बिंदू सरासरी खाली ओढतात. दोन अभ्यासांतले आकडे ताडण्यापूर्वी तळ कापला होता की नाही हे पाहिले पाहिजे.

याला पर्याय रेषीय मोजमापाचा. संदर्भ-प्रतिकृतीवर पोलादी गोळे किंवा दंडगोल बसवून त्यांच्या मध्यबिंदूंतली अंतरे दोन्ही नोंदींत मोजतात. येथे अध्यारोपण लागत नाही, आणि कमान रुंदावली असेल तर ते अंतर पूर्णच्या पूर्ण दिसते. मोजक्या अंतरांवरून पृष्ठभागाच्या सूक्ष्म विकृती कळत नाहीत, हा त्याचा उणेपणा. संपूर्ण कमानीच्या आणि रोपणाच्या कामासाठी रेषीय रीत अधिक बोलकी आहे. एका दातासाठी अध्यारोपण पुरेसे ठरते.

आकडे : झुरिक विद्यापीठातील आन्द्रेयास एण्डर व आल्बर्ट मेल यांचे काम या क्षेत्रात वारंवार उद्धृत होते. २०११ च्या त्यांच्या निबंधात पूर्ण कमानीसाठी पॉलिईथरच्या पारंपरिक ठशाची यथार्थता सुमारे ५५ मायक्रॉन आणि दोन अंकीय यंत्रांची सुमारे ४९ व ४० मायक्रॉन आली. म्हणजे अंकीय पद्धती किंचित सरस. २०१३ च्या निबंधात, अधिक सूक्ष्म संदर्भ-स्कॅनर घेतल्यावर, चित्र पालटले. पारंपरिक ठशाची यथार्थता २०.४ आणि परिशुद्धता १२.५ मायक्रॉन, तर अंकीय ठशाची अनुक्रमे ५८.६ आणि ३२.४. संदर्भ-स्कॅनरची स्वतःची यथार्थता ५.३ मायक्रॉन होती. (या आकड्यांत लहान तो चांगला.) लक्षात घेण्यासारखे हे की अंकीय पद्धतीचा आकडा दोन्ही निबंधांत फारसा हलला नाही. हलला तो पारंपरिक ठशाचा, आणि तेथे ठशाचे द्रव्यही बदलले होते. ‘अंकीय की पारंपरिक’ या प्रश्नाचे उत्तर कोणता ठसा व कोणते संदर्भयंत्र यावर किती अवलंबून असते, हे यावरून दिसते. त्यानंतर यंत्रांच्या नव्या पिढ्या आल्या असल्याने हे आकडे आजच्या यंत्रांना जसेच्या तसे लागू नाहीत.

किती चूक चालते, याचाही एक आकडा नाही. टोपीच्या कडेशी फट १२० मायक्रॉनपर्यंत स्वीकारार्ह, हे मॅकलीन व फॉन फ्राउनहोफर यांचे १९७१ चे मत अजूनही मापदंड म्हणून वापरले जाते. मात्र ही मर्यादा अंतिम फटीची आहे. ठसा, प्लास्टर, स्कॅन, आखणी, कोरणी व सिमेंट या सर्वांच्या चुका तिच्यात मावल्या पाहिजेत. रोपणावरच्या जोडणीत ब्रोनेमार्क यांनी १० मायक्रॉनची, तर टॉर्स्टन येम्ट यांनी १९९१ मध्ये १५० मायक्रॉनची मर्यादा सुचवली. दोहोंतील पंधरापट तफावत पाहता पहिल्या आकड्याला ध्येय आणि दुसऱ्याला अनुभवाचा निष्कर्ष मानणे बरे.

दंतरचनाशास्त्रातील मोजमाप : येथे गरज मायक्रॉनची नसून मिलिमीटरच्या दशांशांची असते. दातांच्या रुंदीवरून वरच्या व खालच्या कमानीचे प्रमाण काढण्याच्या बोल्टन यांच्या रीतीत (१९५८) बारा दातांसाठी ९१.३ टक्के व पुढच्या सहा दातांसाठी ७७.२ टक्के ही सरासरी प्रमाणे मानतात. बारा दातांच्या बेरजेत प्रत्येक दातामागे ०.१ मिमीची एकाच दिशेची चूक झाली, तर एकूण १.२ मिमी होते. स्कॅनरची चूक यापुढे क्षुल्लक ठरते. मोजणाऱ्याने दाताचा सर्वांत रुंद बिंदू कोठे धरला, यावर सारे अवलंबून असते. प्लास्टरवर कॅलिपरची टोके दातांच्या गर्दीत शिरत नाहीत. पडद्यावर प्रतिकृती हवी तशी फिरवता येते, पण हाताला स्पर्शबिंदू जाणवत नाही. फ्लेमिंग व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेल्या पद्धतशीर आढाव्यात अंकीय प्रतिकृतींवरची मोजमापे प्लास्टरवरच्या मोजमापांशी सर्वसाधारणपणे जुळतात व फरक उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे नाहीत, असे आढळले.

जतन : अंकीय प्रतिकृतीला कपाट लागत नाही व ती फुटत नाही, हे तिच्या प्रसाराचे एक साधे कारण आहे. जतनासाठी बहुधा एसटीएल हे फाइलस्वरूप वापरतात. ते १९८७ च्या सुमारास त्रिमितीय मुद्रणासाठी तयार झाले. त्यात पृष्ठभाग केवळ त्रिकोणांनी मांडलेला असतो. फाइल लहान करण्यासाठी त्रिकोण कमी केले की सपाट भागावर काही बिघडत नाही, पण घडवलेल्या दाताची कड बोथट होते. एसटीएलमध्ये रंग नसतो आणि एककही नोंदलेले नसते. आकडे मिलिमीटरचे की इंचांचे हे उघडणाऱ्याने ठरवायचे. एकक चुकले तर प्रतिकृती २५.४ पट मोठी किंवा लहान दिसते आणि चूक तत्काळ पकडली जाते. प्लास्टरच्या ०.१५ टक्क्यांची कोणतीही खूण फाइलमध्ये राहत नाही.